लोणारचा खार आणि खाणीचा कायदा

उन्हाळा लागला की वऱ्हाडात घरोघरी उडदाचे पापड लाटायला बायका जमतात. पीठ भिजवताना त्यात मीठ पडते, हिंग पडतो आणि बेताने पापडखारही पडतो. हा खार येतो कुठून, असा प्रश्न आज कोणाला पडत नाही. किराण्याच्या दुकानात पुडी मिळते, झालं! परंतु श्रोतेहो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात या खाराची एक खाणच होती. तिला ना बोगदा, ना सुरुंग, ना पाळणा. ती होती पाण्याची खाण, म्हणजे लोणारचे सरोवर. या एका सरोवराच्या निमित्ताने आपल्या प्रदेशात खनिजांचा शोध कसा घेतला गेला, त्यासाठी सरकारने कोणत्या सोयी उभ्या केल्या, कोणते नियम केले आणि त्या नियमांतून काय निसटले, याचा विचार आज करायचा आहे.

आधी जमिनीकडे पाहू. बुलढाणा जिल्हा जवळजवळ सगळाच काळ्या फत्तरावर वसलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि निवले, तोच हा दक्खनचा फत्तर. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात त्यावर गाळाची माती साचली. कापसाला आणि ज्वारीला ही जमीन उदार. खाणवाल्याला मात्र हात हलवीत परत पाठवणारी. पूर्वेकडे नागपूर-भंडाऱ्याला मँगेनीज आहे, चंद्रपूर-वणीकडे कोळसा आहे. 1900 च्या आसपास नागपूर जिल्ह्यात मँगेनीजच्या खाणी सुरू झाल्या आणि बघता बघता तेथे कंपन्या आल्या, रेल्वेचे फाटे आले, मजुरांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे असे काही घडले नाही. आपल्या वाट्याला दोनच गोष्टी आल्या, आणि त्या दोन्ही खारट: पूर्णाकाठच्या खारट विहिरी आणि लोणारचा खार.

लोणारचा उल्लेख जुना आहे. पुराणकथेत तो लवणासुराचा. विष्णूने त्या दैत्याला ठार केले, आणि त्याची आठवण म्हणून गावात दैत्यसूदनाचे देऊळ आहे. कथेतल्या दैत्याच्या नावातच 'लवण' आहे हे लक्षात घ्या. पाणी खारे आहे हे लोकांना शास्त्रज्ञ येण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होते. अकबराच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात या ठिकाणाची नोंद आहे. काच आणि साबण करण्यास लागणारे पदार्थ तेथे मिळतात आणि त्यांवरील करापासून सरकारला चांगली प्राप्ती होते, असा तिचा मतलब. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस लोणारला खनिज होते, धंदा होता आणि करही होता. एकच गोष्ट नव्हती: पाण्यात नेमके काय आहे आणि ते तेथे आले कसे, याचा शोध.

धंद्याची रीत साधी होती. पावसाळ्यात चोहोबाजूंनी झरे आणि ओढे खोलगट भागात उतरत. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, तेव्हा ते तेथेच साचे. उन्हाळ्यात पाणी आटे, काठ मागे सरके आणि चिखलावर पांढरा थर धरे. मजूर चिखलापाण्यात उतरून तो गोळा करीत आणि काठावर वाळत घालीत. प्रतीप्रमाणे त्याला नावे होती: डल्ला, निमक-डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. यांतला काही माल बहुतांशी सोडा, तर काहीत खाण्याच्या मिठाचा अंश अधिक. रंगारी, कासार, साबणवाले ही त्याची गिऱ्हाइके. ज्या वर्षी पाऊस उत्तम त्या वर्षी सरोवर भरलेले, म्हणून खार कमी. ज्या वर्षी दुष्काळ त्या वर्षी खार भरपूर. शेतकरी आभाळाकडे पाहून रडायचा तेव्हा खाराच्या मक्तेदाराचे दिवस चांगले असायचे, असा हा उलटा हिशेब.

इंग्रजी अमदानीत खार काढण्याचा हक्क सरकारकडून मक्त्याने दिला जाई. मात्र वऱ्हाडाची कायदेशीर स्थिती मोठी विचित्र होती. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, पण मालकी निजामाचीच राहिली. 1902 साली वर्षाला 25 लाख रुपयांच्या बोलीवर कायमचा पट्टा झाला आणि 1903 साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. तरीही कायद्याच्या भाषेत तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. कलकत्त्याला झालेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे. तो वेगळ्या जाहीरनाम्याने लागू करावा लागे. आता पाहा, लोणारच्या खाराचा मालक कोण? जमीन निजामाची, कारभार इंग्रजांचा, मक्ता सावकाराचा आणि चिखलात पाय गावातल्या मजुराचे. खनिजाचा कायदा म्हणजे मुळात मालकीचा कायदा, हे यावरून ध्यानात येईल.

देशाच्या पातळीवरही या सुमारास हालचाल सुरू होती. भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था 1851 पासून काम करीत होती. थॉमस ओल्डहॅम हा तिचा पहिला प्रमुख. तिला नेमले ते प्रामुख्याने कोळसा शोधण्यासाठी. 1894 साली सरकारने शोधाचा परवाना आणि खाणीचा पट्टा यांविषयी नियम केले आणि 1913 साली ते सुधारून पुन्हा काढले. त्यांतली मुख्य कल्पना आजच्या कायद्यातही आहे. शोध वेगळा आणि उपसा वेगळा. आधी ठराविक मुदतीसाठी ठराविक जमिनीवर शोध घेण्याची परवानगी. काही सापडले तर उपशाचा पट्टा. आणि काढलेल्या मालावर सरकारला स्वामित्वधन, म्हणजे आपण ज्याला रॉयल्टी म्हणतो ते. मजुरांच्या सुरक्षिततेसाठी 1901 साली खाणींचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी तपासणीचे खाते निघाले.

म्हणजे नियम होते. पण नियमाला जोड लागते ती सोयींची. शोध घेणाऱ्याला नकाशा लागतो, रसायनशाळा लागते, जमिनीला खोल छिद्र पाडणारे यंत्र लागते आणि माल बाहेर काढायला रस्ता लागतो. लोणारला यांतले काय होते? आगगाडी होती ती दूर उत्तरेला, मलकापूर-नांदुरा-शेगावकडे. 1870 साली जलंबहून खामगावपर्यंत फाटा आला, पण तो कापसासाठी. दक्षिणेकडे विसाव्या शतकाच्या तोंडावर जालन्याला रेल्वे पोचली. लोणार मधल्या मध्येच राहिले. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी किती जुनी आहे हे मी आपल्याला सांगायला नको. बैलगाडीवर लादून सोड्यासारखा स्वस्त माल न्यायचा, तर भाडेच मालाला खाऊन टाके.

रसायनशाळेची सोय मात्र एकदा लोणारला लाभली आणि तीही उत्तम. भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील ला टूश आणि संस्थेचे रसायनतज्ज्ञ क्रिस्टी या दोघांनी सरोवराची पाहणी करून 1912 साली आपला लेख प्रसिद्ध केला. याच क्रिस्टीने त्याआधी हॉलंडबरोबर राजपुतान्यातल्या खाऱ्या सरोवरांचा अभ्यास केला होता. तेथील मीठ वाऱ्याबरोबर समुद्राकडून येते, असा त्यांचा सिद्धान्त होता. लोणारला आल्यावर पाणी, चिखल, झरे यांचे पृथक्करण झाले. मुगल अमलदाराने कर मोजला होता, इंग्रज अमलदाराने मक्त्याची रक्कम मोजली होती. पाण्यात काय किती आहे हे मोजण्याचे काम आता झाले. सरकारी शोधसेवा म्हणतात ती हीच. तिच्यातून सरकारच्या तिजोरीत रुपया पडत नाही. पण मक्ता घेणाऱ्याला, देणाऱ्याला आणि पुढच्या पिढीला आपण कशाचा सौदा करीत आहोत एवढे तरी कळते.

पण धंद्याचे दिवस भरत आले होते. युरोपात सॉल्व्हेच्या पद्धतीने साधे मीठ आणि चुनखडी यांपासून कारखान्यात सोडा तयार होऊ लागला होता. पूर्व आफ्रिकेत, आजच्या केनियात, मगादी नावाचे असेच एक सोड्याचे सरोवर आहे. 1911 साली तेथे कंपनी निघाली. पुढे 1939 साली काठेवाडच्या किनाऱ्यावर मिठापूरला टाटांचा रासायनिक कारखाना उभा राहिला. अशा मालापुढे पावसाच्या लहरीवर चालणारा, बैलगाडीने हलणारा लोणारचा डल्ला टिकणार कसा? कायद्याने तो बंद पाडला नाही, बाजाराने पाडला.

पूर्णाकाठच्या खारट विहिरींची गोष्ट मात्र याच्या नेमकी उलट. आपण ज्याला खारपाणपट्टा म्हणतो, त्या भागात विहिरीचे पाणी आटवून मीठ काढण्याची जुनी रीत होती. मीठ म्हणजे सरकारच्या कराचे हुकमी साधन. तेव्हा येथे बाजाराने नव्हे, कायद्याने गळा दाबला. 1930 साली गांधीजी दांडीला गेले. वऱ्हाडात समुद्र कोठला? पण खारे पाणी होते. अकोला जिल्ह्यातील दहीहांड्याला सत्याग्रहींनी खारट विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला. आपल्या जमिनीखाली काय आहे याची जाण किती उपयोगाची असते, पाहा! समुद्रापासून शेकडो मैल दूर असूनही वऱ्हाडाला मिठाच्या लढ्यात भाग घेता आला, तो या पाण्यामुळे.

स्वातंत्र्यानंतर कारभाराची घडी नव्याने बसली. 1948 साली भारतीय खाण ब्युरो स्थापन झाला आणि पुढे त्याचे मुख्यालय नागपूरला आले. त्याच वर्षी खाणी आणि खनिजे यांच्या नियमनाचा पहिला कायदा झाला. त्याची जागा 1957 च्या कायद्याने घेतली. 1960 साली त्याखालचे सवलतींचे नियम आले. 1972 साली खनिज समन्वेषणासाठी सरकारी महामंडळ निघाले, तेही नागपुरास. नकाशे काढणारे, छिद्रे पाडणारे, नमुने तपासणारे असे सगळे जवळजवळ एका गावात, तेही विदर्भाच्या राजधानीत आले. 2015 साली कायद्यात मोठी दुरुस्ती होऊन पट्टे लिलावाने देण्याचे ठरले. शोधासाठी पैसा हवा म्हणून राष्ट्रीय न्यास निघाला; पट्टेदाराने स्वामित्वधनाच्या दोन टक्के इतकी जादा रक्कम त्यात भरावी, असे तेव्हा ठरले होते. खाणीची झळ पोचलेल्या गावांसाठी प्रत्येक जिल्ह्याला खनिज प्रतिष्ठान आले. 2023 साली काही महत्त्वाच्या आणि खोलवरच्या खनिजांसाठी खाजगी शोधकांना वेगळा परवाना देण्याची तरतूद झाली.

या व्यवस्थेत बुलढाण्याचे स्थान कोठे? कायद्याने खनिजांचे दोन भाग पाडले आहेत. एक प्रमुख, म्हणजे कोळसा, लोखंड, मँगेनीज वगैरे. दुसरे गौण: बांधकामाचा दगड, मुरूम, साधी माती, साधी रेती. गौण खनिजांचे नियम राज्याने करायचे. विदर्भासाठी असे नियम 1966 साली झाले, आणि 2013 साली साऱ्या राज्याला मिळून एकच नियमावली आली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे 48 वे कलम तर आपल्या तहसील कचेरीत रोजच्या वापरातले आहे. आपल्या जिल्ह्याचा खनिजांचा कारभार म्हणजे बहुतेक सगळा गौण खनिजांचा कारभार: रेतीघाटाचा लिलाव, मुरुमाची परवानगी, ट्रॅक्टर अडवला की रॉयल्टीची पावती, पावती नसली की पंचनामा. अलीकडे एक चांगले झाले आहे. 2016 पासून जिल्ह्याचा पाहणी अहवाल करावा लागतो. खडकपूर्णेच्या पात्रात रेती किती आहे, दर पावसाळ्यात नवी किती येते, हे आधी पाहायचे आणि मग किती काढू द्यायची ते ठरवायचे. शोध आधी, उपसा नंतर, ही जुनी शिस्त अखेर रेतीलाही लागू झाली. अहवाल नदीकाठी जाऊन केला की कचेरीत बसून, यावर मात्र सारे अवलंबून आहे.

आता पुन्हा लोणारकडे येऊ, कारण खरी गोष्ट अजून पुढेच आहे. हा सव्वा मैलाला थोडा कमी व्यासाचा, जवळजवळ गोल खड्डा झाला कसा? ला टूश आणि क्रिस्टी यांनी त्याचे नाते ज्वालामुखीच्या घडामोडींशी लावले होते. त्यापूर्वी 1896 साली अमेरिकेच्या गिल्बर्टने ॲरिझोनातल्या विवराशी त्याची तुलना केली होती. 1960 नंतर उल्केची शंका बळावली. भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळाला यंत्राने छिद्रे पाडली. गाळाच्या जाड थराखाली भरडलेला फत्तर लागला. त्यात मॅस्केलिनाइट होते, म्हणजे फेल्डस्पार या स्फटिकाची प्रचंड आघाताने न वितळताच झालेली काच. लाव्ह्याच्या स्फोटाने असा दाब निर्माण होत नाही. 1973 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: लोणार हे उल्कापाताचे विवर आहे, आणि तेही काळ्या फत्तरात झालेले. अशी विवरे चंद्रावर पुष्कळ. पृथ्वीवर फार थोडी. वयाबद्दल मतभेद आहेत. एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षे येतात, तर 2011 साली प्रसिद्ध झालेल्या मापनाने 5 लाख 70 हजारांच्या आसपास.

सोडा शोधायला निघालेल्या शास्त्राला अखेर सापडले ते हे. मुगलांपासून इंग्रजांपर्यंत सगळ्यांनी पाण्यातल्या खाराची किंमत केली. खरे मोल खड्ड्याचे होते, काठावरच्या दगडांचे होते. समजा मगादीसारखी एखादी मोठी कंपनी 1911 साली लोणारला आली असती आणि तळाचा चिखल खरवडून नेला असता, तर त्या चिखलात साठलेला हजारो वर्षांच्या पावसापाण्याचा इतिहास गेला असता. आपल्याकडे रेल्वे नव्हती, भांडवल नव्हते, त्यामुळेच लोणार वाचले. गैरसोयीचे उपकार ते असे! पण गैरसोयीवर विसंबून कोणी आपला ठेवा राखत नाही.

पुढे संरक्षण आले. 2000 साली सरोवराचा परिसर वन्यजीव अभयारण्य झाला; 2020 साली 427 हेक्टरांची नोंद रामसर यादीत झाली. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा सारा देश लोणारकडे पाहू लागला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खारात वाढणारे सूक्ष्म जीव त्याचे कारण म्हणून दाखवले. नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका चालली आणि न्यायमूर्ती स्वतः पाहणीला आले. हे सगळे स्वागतार्ह आहे.

तरी एक गोष्ट उरतेच. अभयारण्याची हद्द विवराच्या कड्याजवळ संपते, विवराची गोष्ट मात्र तेथे संपत नाही. उल्का आदळली तेव्हा उडालेला फत्तर चहूकडे दूरवर पसरला. तो आज कुणाच्या शेताच्या बांधात आहे, कुणाच्या विहिरीच्या मातीत आहे, कुणाच्या घराच्या पायात आहे. कायद्याच्या दृष्टीने हा दगड कोण? गौण खनिज. रस्त्याची खडी आणि तो, दोघांची किंमत एकच, ब्रासवर मोजलेली. भूवारसा जपण्यासाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा केंद्र सरकारने 2022 साली लोकांपुढे ठेवला. त्याचा कायदा मात्र अजून झालेला नाही. पक्ष्याला कायदा आहे, झाडाला आहे, देवळाला आहे. या दगडाला नाही.

शेतकऱ्याची बाजूही विसरून चालणार नाही. खाराचा धंदा गेला तेव्हा मजुराला कोणी विचारले नाही. उद्या शेतातला दगड राष्ट्रीय ठेवा ठरला आणि विहीर खणायलाही बंदी झाली, तर त्या शेतकऱ्याने का म्हणून आनंद मानावा? संरक्षणाचा खर्च एका गावाने सोसायचा आणि अभिमान साऱ्या देशाने मिरवायचा, हा न्याय नव्हे. उलट विवराभोवती मुरमाची परवानगी देण्यापूर्वी तो तुकडा भूवैज्ञानिकाच्या नजरेखालून गेला आणि नकार द्यावा लागलाच तर शेतकऱ्याला त्याचा मोबदला मिळाला, तर दोघांचेही साधेल. यासाठी फार मोठी यंत्रणा नको. लागणारी माणसे नागपुरात आहेत. प्रश्न तहसील कचेरीतून एक पत्र जाण्याचा आहे.

खनिजाचा कायदा आजवर तीन गोष्टी विचारत आला: माल किती, मालक कोण, सरकारचा वाटा किती. लोणारने त्यात चौथा प्रश्न घातला आहे: हा दगड काय सांगतो? तो विचारण्याची सवय आपल्या कचेऱ्यांना लागली, तर 'गौण' हा शब्द लिहिण्याआधी कारकुनाचा हात क्षणभर थबकेल. तूर्त एवढे झाले तरी पुष्कळ झाले.